हरणाचा डॅडी

केजीच्या प्रवेशाआधी इंग्रजी कानावर पडावं म्हणून मी लेकीला नाताळचा कार्टून सिनेमा लावून देते, आणि सासरे रोज त्याचा आवाज बंद करतात. त्यांना कळत नाही ना, मग गोष्ट स्वतःच रचून सांगतात.

"हे छोटं हरीण बघ, एलिशा. याचा डॅडी बोटीवर कामाला. नाताळला घरी येतोय."

"माझ्या डॅडीसारखा?"

"अगदी तसाच."

करंज्या लाटता लाटता माझं डोकंच फिरलं. "पप्पा, सिनेमात बोट कुठेच नाही. भलतंसलतं का सांगता तिला?"

"एवढ्या बर्फात बोट दिसेल कशी?" ते म्हणाले, आणि दोघंही माझ्याकडे बघून हसली.

तेवढ्यात नवऱ्याचा मेसेज आला. त्याच्या जागी येणारा माणूस बोटीवर पोचलाच नव्हता. सुट्टी एप्रिलपर्यंत पुढे गेली होती, आणि नाताळ परवावर आला होता.

"मम्मी, परत पहिल्यापासून लाव," एलिशा म्हणाली.

मी पिठाच्या हातानेच रिमोट घेतला. आवाज बंदच ठेवला. मोबाईल सासऱ्यांपुढे धरला.

"पप्पा, आता नीट सांगा तिला. हरणाचा डॅडी ईस्टरला येतो."