नऊ फूट चार इंच

बंगलोरहून आणलेला कागद नागनाथनं ओसरीवर उलगडायला घेतला, तो उंबऱ्यापर्यंत गेला तरी संपेना. दोन्ही कडांना भोकं पाडलेली लांबच लांब पट्टी, आणि तिच्यावर नुसते आकडे.

"हे काकाचं डोकं," तो म्हणाला.

सरुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बळीराम खांबाला टेकून बसला होता. डोकं जागच्या जागी होतं.

नागनाथ तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. संगणकात माणसाचं डोकं तयार करायचं, ते आपटायचं आणि आत मेंदूचं काय होतं ते बघायचं, यावर त्याला डॉक्टरेट मिळणार होती. त्यानं डोक्याचे तीनशे बारा तुकडे पाडले होते. संगणकातलं डोकं हजारदा आपटलं तरी मागं रडणारं कुणी नसतं, ही त्यातली सोय. अडचण एवढीच, की खरं डोकं आपटल्यावर तसंच होतं का, हे पडताळायचं राहिलं होतं. तेवढ्यात मावशीच्या गावाहून, राजेश्वरहून, पत्र गेलं, की बळीराम गवंडी शाळेच्या छपरावरून पडला. नागनाथ मनापासून हळहळला, आणि टेप घेऊन आला.

उंची भरली नऊ फूट चार इंच. खाली शहाबादी फरशी.

"मावशी, मार बसला मागं, पर इजा झाली पुढं. कवटी थांबली की मेंदू लगेच थांबत न्हाई. गाडग्यातल्या दह्यावाणी हलतो."

"ते ऱ्हाऊ दे. ह्यांची हाक कुठल्या तुकड्यात असती?"

"कसली हाक?"

पस्तीस वर्षं बळीराम कामावरून यायचा आणि थापी कोपऱ्यात टाकायच्या आधी ओरडायचा, "ए, कुठं मेलीस गं?" पाच महिन्यांपूर्वी पडला तेव्हापासून तो म्हणत होता, "बाई, जरा पाणी देता का?" आणि प्याल्यावर, "लई उपकार झाले." गल्लीतल्या बायका म्हणत, माणूस पडून सुधारला. शेजारच्या विमलबाईनं तर आपल्या नवऱ्याच्या दृष्टीनं शाळेच्या छपराची उंची विचारून ठेवली होती.

"ती हाक परत येती का, एवढं तुझ्या मिशनीला इचार," सरुबाई म्हणाली. "बाकीचे आकडे तुला ऱ्हाऊ दे."

नागनाथनं चष्मा सारखा केला. "माझ्या मॉडेलप्रमाणं काकाची जुनी आठवण शाबूत पायजे. दहा प्रश्न हायत. आठ बरोबर आले, तर काका तुला वळखतो असं समज."

सरुबाई हातातलं सूप बाजूला ठेवून बसली.

नाव, गाव, आईचं नाव, धंदा, सगळं बरोबर आलं. साल विचारल्यावर बळीराम म्हणाला, पाऊस कमी झालेलं. तो एक प्रश्न गेला. राज्य विचारल्यावर म्हणाला, "हैद्राबाद. मग म्हैसूर. नंतर नाव बदललं म्हणत होते." नागनाथनं पूर्ण गुण दिले. तीन राज्यं पाहिलेल्या त्या सीमाभागात न पडलेली माणसंही या प्रश्नाला अडकत. नववं उत्तरही बरोबर निघालं.

"आता शेवटचा. काका, तुमच्या बायकोचं नाव काय?"

सरुबाई जरा पुढं सरकली. बळीरामनं तिचं नाव उभ्या आयुष्यात तोंडातून काढलं नव्हतं. रेशनकार्डासाठी कारकुनानं विचारलं, तर तो भिंतीकडं बघत उभा राहिला होता, आणि शेवटी गावातून राघोबा नावाच्या ओळखीच्या माणसाला बोलावून आणून त्याच्या तोंडून नाव सांगितलं होतं. आताही तो चिडेल, असं तिला वाटलं. 'तुला काय करायचंय रे' म्हणेल. निदान मान तरी खाली घालेल. तिनं मनातल्या मनात त्याला घाई केली. चिडा की हो.

"सरुबाई," बळीराम म्हणाला. खणखणीत, कचेरीत साक्ष द्यावी तसा.

"शाबास काका!" नागनाथनं बरोबरची खूण केली, ती कागदातून पलीकडं उमटली. "दहापैकी नऊ! मावशी, मॉडेल बरोबर निघालं. तुझा जीव उगंच खाली-वर व्हायलाय."

नागनाथ कागदाच्या घड्या घालू लागला.

बळीराम नाव घेतल्यापासून दाराकडं बघत होता. मग जरा सावरून बसला आणि तिच्याकडं वळला.

"बाई," तो अदबीनं म्हणाला, "तुमी दिसभर हितंच असता. ती दिसली तर एवढं सांगा, मी वाट बघायलोय म्हणून."

परक्या पुरुषासमोर घेतात तसा सरुबाईनं पदर कपाळापर्यंत पुढं ओढला.

"सांगते," ती म्हणाली.