बल्बची काच

बद्रीनाथ पाटलाच्या गाडीचा पुढचा दिवा गेला, तशी त्यानं गाडी आमच्या अंगणात आणून लावली. माझी नात यशोधरा असले बल्ब घरीच बदलती. तिनं डबीतून नवा हॅलोजनचा बल्ब काढला आणि पाटलानं मदतीला हात पुढं केला.

"हात लावू नका!" पोरगी खेकसली.

लहानपणी पाटलांच्या आडावर हे बोल मी रोज ऐकले. त्या घरच्या माणसाला कुणी ऐकवल्याचं आजच बघितलं.

"कावून गं?" पाटलानं इचारलं.

"हाताचं तेल लागलं की तापल्यावर काच तडकती. हात कुणाचाबी असो."

पाटील वरमला. "मग धरायचा कसा, ते शिकव की."

यशोधरानं माझ्याकडं बघितलं.

"शिकव," मी म्हणलं. "शिकायला आलेल्याला आपण न्हाई म्हणू न्हाई."