रिक्रूट फोसहाइम

निवृत्त ब्रिगेडियर फोसहाइम यांचा शिस्तीवरचा लेख माजी सैनिकांच्या संकेतस्थळावरून तिसऱ्यांदा परत आला. शेरा तोच: 'पुन्हा लिहा.'

तिथे जो जास्त लिहितो, त्याचा हुद्दा मोठा. त्यामुळे गेल्याच आठवड्यात सभासद झालेले ब्रिगेडियर तिथे रिक्रूट होते, आणि लेख तपासणारा ओडवार जनरल. नोकरीत असताना तो त्यांच्याच मेसमध्ये आचारी होता.

ब्रिगेडियरांनी फोन लावला. "ओडवार, ओळखलंस का मला?"

"ओळखलं की साहेब. माझं माशाचं सूप न चाखताच परत पाठवायचात."

"ते सोड रे. लेखात चुकलंय काय, ते तरी सांगशील?"

"लेखातली पहिली ओळ वाचा, साहेब."

त्यांनी वाचली.

'वरिष्ठाचा हुकूम आला की कारण विचारायचं नसतं.'