पहारेकरी जेवला नव्हता

ओजसने गेमला दहापैकी शून्य गुण दिले. मग ते खोडले आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने परीक्षण नव्याने लिहायला घेतलं.

गेम भविष्यातल्या शहराचा. पहारेकऱ्यांची नजर चुकवत तिजोरी गाठायची. त्यांच्याशी माइकवर बोलताही येतं, पण चोर कशाला बोलेल? ओजस दोन दिवस अंधारातून सरपटला आणि दर वेळी पकडला गेला.

"दे इकडे," म्हणत त्याच्या बायकोने, शाल्मलीने, माइक हिसकावला. ती सरपटली नाही. भर उजेडात यंत्रमानव पहारेकऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, "अहो, जेवलात का?"

लग्नानंतर ओजसला एकदाही 'अहो' मिळालं नव्हतं.

यंत्रमानवाने बंदूक खाली ठेवली. "नाही ना. तुम्ही?"

"आमच्याकडे कोण विचारतंय!"

"मग तिजोरी राहू द्या. बसा जरा."

तासाभराने ओजसने स्वतः वरणभात गरम करून आणला. "जेवतेस का?"

"थांब रे, ते बोलतायत."

नव्या परीक्षणात ओजसने गुणांऐवजी एकच ओळ लिहिली: 'कंपनीस विनंती, की सदर पहारेकऱ्याची बदली तातडीने अतिदुर्गम भागात करण्यात यावी.'