एक टिंब, दोन टिंबं

"अहो, ती गाडी आहे, रुसलेली बायको नाही. समजूत काय घालत बसलात?" बायको दारातून म्हणाली.

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या थोरल्याने पुन्हा स्टार्टर मारला. गाडी खोकली, मागून फाट् करून आवाज आला आणि गप्प बसली.

तासाभरात आईची ट्रेन येणार होती. मावशीकडे निघतानाच तिने दोन्ही मुलांना बजावलं होतं, "चेंडूसारखं या घरातून त्या घरात टोलवून घ्यायचं आता माझं वय नाही. तुमच्या बाबांची गाडी घेऊन जो स्टेशनवर येईल, त्याच्या घरी मी कायमची राहीन."

जो म्हणजे हा चष्मेवाला थोरला, नाहीतर बेकरीवाला धाकटा. बाबा जुन्या गाड्यांचे मेकॅनिक. जाताना दोघांसाठी एकेक जुनी गाडी ठेवून गेले, एकाच कंपनीची, एकाच सालातली. त्यातली बाबांची लाडकी कोणती यावरून भाऊ भांडले आणि बोलणं बंद झालं ते आजतागायत. एवढ्याशा गोष्टीवरून? हो, एवढ्याशाच. मोठ्या गोष्टींवरची भांडणं निदान मिटतात तरी.

तेव्हापासून आई महिना इकडे, महिना तिकडे. गेल्या खेपेला धाकट्याकडून आली तेव्हा तिची विणकामाची पिशवी उचलताना चष्मेवाल्याचा खांदा निखळायचा बाकी होता.

"आई, लोकर आहे की दगड?"

"जाड लोकर आहे रे," आई म्हणाली होती.

चष्मेवाल्याने बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटर म्हणजे इंजिनातल्या प्रत्येक प्लगला त्याच्या पाळीने ठिणगी वाटणारा डबा. घोळ बहुतेक तिथेच असतो, एवढं त्याला बाबांकडून ऐकून माहीत होतं. पण तो काढायचा बाबांचा वाकडा पाना खोक्यात नव्हता. धाकट्यानेच लांबवला असणार, दुसरं कोण! त्याने पक्कडीवर भागवलं. बोटांची सालं निघाली, पण डबा बाहेर आला. फडक्याने बूड पुसलं आणि त्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

बुडावर दोन टिंबं होती.

दोन्ही इंजिनं दिसायला जुळ्या बहिणी. पण एकीचं काम करताना बाबांनी डबा ज्यात अडकतो तो आतला दात अर्धा फेरा फिरवून बसवला होता. त्यामुळे हिचा डबा तिला बसायचा, पण ठिणगी भलत्याच वेळी पडायची. म्हणून बाबांनी खूण करून ठेवली होती. थोरल्याच्या डब्यावर एक टिंब, धाकट्याच्या डब्यावर दोन.

"चोर! आईसाठी या थराला गेला?" तो ओरडला. डबा फडक्यात गुंडाळून त्याने स्कूटर काढली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला धाकट्याची बेकरी गाठली.

मागच्या अंगणात धाकटा बॉनेट उघडून उभा होता. कोपरापर्यंत पीठ, वर काळं तेल, हातात डबा.

"या! माझा डबा चोरून वर तोंड दाखवायला आलास, दादा?"

त्याच्या हातातल्या डब्यावर एकच टिंब होतं.

"चोराच्या उलट्या बोंबा! तुझा डबा माझ्या गाडीत सापडलाय."

"मी बदलला असता तर माझीच गाडी बंद पाडून घेतली असती का? डोकं काय भट्टीत भाजलंय माझं?"

"आणि बाबांचा पाना?"

"तुझ्याकडेच असणार ना! मी सकाळपासून पक्कडीने झटतोय."

थोरल्याने त्याच्या बोटांकडे पाहिलं. त्याचीही सालं निघाली होती.

बेकरीतलं घड्याळ पुढे सरकत होतं. आता एक टिंब घेऊन घरी जायचं, बसवायचं, मग स्टेशन गाठायचं? शक्यच नव्हतं. आणि हातातली दोन टिंबं दिली तर आई धाकट्याची. न देता निघून जावं असंही क्षणभर थोरल्याच्या मनात आलं. मग पिशवी सांभाळत रस्त्याकडे डोळे लावून बसलेली आई त्याला दिसली.

"घे," तो म्हणाला. "बसव लवकर. जिंकलास तू."

धाकटा डबा बसवू लागला. थोरल्याने टॉर्च धरला. पूर्वी बाबांसाठी आई धरायची, आणि टॉवेलला तेल लागलं म्हणून कटकटही करायची. पहिल्याच झटक्याला गाडी सुरू झाली, अशी की जणू कधी बंदच नव्हती.

धाकट्याने मनगटाने डोळे पुसले. "पीठ गेलं," म्हणाला. मग दार उघडून धरलं. "बस."

"मी कशाला? पैज तुझी."

"दादा, बस म्हणतोय ना! मला एकट्याला नाही जायचं."

थोरला आपला एक टिंबाचा डबा मांडीवर घेऊन मागे बसला. वाटेत खूप दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं.

आई स्टेशनबाहेरच्या बाकावर विणत बसली होती. एकाच गाडीतून दोघांना उतरताना पाहून तिची सुई थांबली. "आलात?" एवढंच म्हणाली आणि मागे थोरल्याशेजारी येऊन बसली.

"कुणाकडे जायचं, आई?" दोघांनी एकदमच विचारलं.

"आधी थोरल्याकडे. त्याची अजून बंद असेल." आईने पिशवीत हात घातला, लोकरीच्या गुंड्यांखालून बाबांचा वाकडा पाना काढला आणि त्याच्या मांडीवरच्या डब्यावर ठेवला. "आणि हा घे. पक्कडीने बोल्ट खराब होतो."