हळदच तर आहे

श्यामसुंदररावांच्या डोळ्यांतला पांढरा भाग रविवारी जुन्या कागदाच्या रंगाचा होता. आज, गुरुवारी, तो पिवळाजर्द झाला होता आणि रंग मानेपर्यंत उतरला होता. मंदाकिनीबाई रोज सकाळी वॉर्डाचा पडदा सारून त्याच उजेडात पाहत. नजर चुकत नव्हती.

चहा आला तसा श्यामसुंदररावांनी सवयीनं तळहात पुढे केला.

"संपल्या," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"डबी तर वाजतेय तुझ्या पर्समध्ये." त्यांनी हात मागे घेतला. "बंद केल्यास होय? बरं. पण डॉक्टरांना सांगायला जाऊ नकोस. सुनीती तुला आयुष्यभर ऐकवेल. आणि हळदच तर आहे."

हे शेवटचं वाक्य मंदाकिनीबाईंचं होतं. गुडघ्यांसाठी म्हणून आठ महिने चहाच्या बशीत दोन कॅप्सूल ठेवताना, ते तोंड वाकडं करायचे तेव्हा त्या हेच म्हणायच्या.

दहा वाजता डॉक्टर आले. मुलगी सुनीती खडकीहून पेजेचा डबा घेऊन नुकतीच पोचली होती.

"काकू, काविळीच्या विषाणूंच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्यात. रक्त गोठायलाही वेळ लागतोय. कारण सापडलं नाही तर यकृत बदलायचं बोलावं लागेल." डॉक्टरांनी पेन थांबवलं. "पुन्हा विचारतो. काढा, चूर्ण, ताकदीच्या गोळ्या, काहीही घेत होते?"

चार दिवस या प्रश्नाला मंदाकिनीबाईंनी एकच उत्तर दिलं होतं. औषध असं काही नाही. सोमवारी ते त्यांना खरंही वाटलं होतं.

"बायकोच्या हातचं खातो तेवढंच," श्यामसुंदरराव म्हणाले. "त्यावर अजून उतारा निघालेला नाही, डॉक्टर."

डॉक्टर हसले. सुनीती हसली नाही.

"आई, त्या हळदीच्या कॅप्सूल तू दिवाळीतच टाकल्यास ना गं? मी सांगितलं होतं तुला."

"टाकल्या तिनं. माझ्यासमोर," श्यामसुंदरराव घाईनं म्हणाले. चादरीखाली त्यांनी बायकोचं मनगट घट्ट धरलं. घट्ट म्हणजे त्यांच्या मानानं. तिसरीतलं पोरसुद्धा सोडवून घेऊ शकलं असतं.

डॉक्टर कागदावर काहीतरी लिहून पुढच्या खाटेकडे वळले.

मंदाकिनीबाईंनी मनगट सोडवलं नाही. दुसऱ्या हातानं पर्स उघडली, डबी काढली आणि सुनीतीच्या समोर पांघरुणावर ठेवली.

"डॉक्टर, थांबा. रोज दोन देत होते. मीच. इथं आणल्यावरसुद्धा. काल सकाळपर्यंत."