तिसरी शिट्टी

कारखाना उभारायच्या माझ्या त्या गेममध्ये सगळी वीज वाफेवर चालते. बॉयलरला कोळसा घालत राहावं लागतं. तो संपला की वाफ उतरते, दिवे मंदावतात आणि एकेक यंत्र थांबतं.

मी खेळायला बसले की आई स्वयंपाकघरातून सांगायची, "चैत्राली, कुकर लावलाय. शिट्ट्या मोज, तीन झाल्या की सांग." मी कधीच नीट मोजल्या नाहीत. बंगालमधल्या बेहालाच्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघींनी करपलेला भात पुष्कळ खाल्ला.

आई गेल्यावर तो कुकर मी कामाला येणाऱ्या मावशींना देऊन टाकला.

त्यानंतर महिन्याभराने, गेममधला कोळसा संपत आला असताना, स्वयंपाकघरात शिट्टी झाली. मी हेडफोन काढून ऐकत राहिले. मग घाबरून बॉयलरमध्ये कोळसा घातला, आणि घर शांत झालं. पुढे दर वेळी असंच व्हायला लागलं. एक शिट्टी झाली की मी कोळसा घालायचे.

आज रविवारी दुपारी मी तो घातलाच नाही.

पहिली शिट्टी झाली तेव्हा खाली गल्लीत दोन ऑटोवाले बंगालीत भांडत होते. दुसरीला पडद्यावरचे दिवे मंदावले. तिसरीला अख्खा कारखाना अंधारात गेला, आणि माझ्या खोलीत गरम भाताचा वास आला.

"किती झाल्या गं?"

आयुष्यात पहिल्यांदा मी नीट मोजल्या होत्या.

"दोनच," मी म्हणाले.

"बरं. मग थांबते."